‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती फेसबुकवर अधूनमधून लिहिते. एकदा तिने आपल्या आईच्या पाट्या-वरवंट्यावर छोटंसं टिपण लिहिलं. वर्षातून एकदा गावात पाथरवटीण यायची, ‘जात्याला, पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाळी द्यायची, आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून द्यायची. छिन्नीचे बारीक ठोके, उडणारी कच, आणि दाताखाली कचकच येते म्हणून टाकून दिलेलं पहिलं वाटण, हे सगळं त्यात होतं.

महिनाभराने तेच टिपण तिच्या डी.एड.च्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. खाली नाव होतं व. पु. काळे यांचं. शेवटी कुणीतरी ‘म्हणून सांगतो मुलांनो, आईला विसरू नका’ असा परिच्छेद चिकटवला होता. आणि मधलं एक वाक्य बदललं होतं. ‘टाकी लावायला येणारी बाई’च्या जागी झालं होतं ‘टाकी धुवायला येणारी बाई’. टाकी म्हणजे दगडाला टोचे पाडायची छिन्नी हे बदलणाऱ्याला माहीत नसावं. त्याला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवली. मावशीने ग्रुपवर लिहिलं, ‘हे माझं आहे.’ मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘अगं, हे वपुंचं आहे. मी पुस्तकात वाचलंय.’

त्या रात्री तिचा फोन आला. प्रकाशनाच्या कामात लेखकांचे करार माझ्या हाताखालून जातात, म्हणून तिने मला विचारलं. ‘मी कुठे नोंदणी केलेली नाही, मग ते माझं आहे का? फेसबुकवर टाकलं म्हणजे फेसबुकचं झालं का? आणि ते टाकी धुणं कुणी काढून टाकेल का?’ ऑनलाइन लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हेच तीन प्रश्न पडतात. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे इंटरनेटवर पैशांपेक्षा कितीतरी जास्त वेळा नाव चोरीला जातं, आणि कायद्यात नावासाठी वेगळी तरतूद आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, ते तिचंच. भारतात यासाठी १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार आपण स्वतःच्या डोक्याने काही लिहिलं, चितारलं, फोटो काढला, चाल बांधली, की त्याच क्षणी स्वामित्वहक्क आपल्याकडे येतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला सी लागत नाही, ‘सर्व हक्क लेखकाधीन’ ही ओळसुद्धा लागत नाही. ती ओळ लिहिली तर उत्तम, कारण वाचणाऱ्याला जाणीव होते. पण ती नाही म्हणून लेखन बेवारशी होत नाही. साहित्य थोर असण्याचीही अट नाही. पाट्यावरचं टिपण, ट्रेकचा वृत्तांत, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलेली नाटिका, सगळ्यांना सारखंच संरक्षण आहे.

नोंदणीची सोय मात्र आहे. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी ३० दिवस ठेवलेले असतात. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर हे प्रमाणपत्र सकृद्दर्शनी पुरावा म्हणून धरलं जातं. एकांकिका, पटकथा, पुस्तक यांची नोंदणी जरूर करावी. रोजच्या पोस्टची कुणी करत नाही, आणि करायची गरजही नाही. तिथे तारखेसह जपलेलं मूळ लेखन पुरेसं बळ देतं.

हक्क कशावर असतो, हेही समजून घ्यायला हवं, कारण इथे लेखकांचे गैरसमज होतात. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या शब्दांत किंवा रूपात मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आनंद यांनी प्रांतवादावर नाटक लिहिलं होतं. पुढे १९५६ साली त्याच विषयावर हिंदी चित्रपट आला आणि तो आपल्या नाटकावरून उचलला असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने म्हटलं, विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे. आनंद हरले. म्हणजे मावशीचं टिपण वाचून कुणी आपल्या आजीच्या पाट्यावर लिहिलं, तर मावशीची तक्रार चालणार नाही. तिची वाक्यं उचलली तरच चालेल. पाककृतीचंही तसंच. पुरणपोळीला किती डाळ, किती गूळ हे प्रमाण कुणाच्या मालकीचं नाही. पण ‘पुरण शिजलं की उलथनं त्यात उभं राहिलं पाहिजे, आमच्या काकू तर ते दाराआडून ऐकून ओळखायच्या’ असं तुम्ही लिहिलंत, तर ते शब्द तुमचे. सोबतचा फोटोही तुमचा.

फोटोवरून आठवलं. लग्नाचा फोटोग्राफर पैसे घेऊन तुमचे फोटो काढतो, तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक कोण? बहुतेकांना वाटतं, कॅमेरा ज्याचा त्याचा हक्क. आपला कायदा उलट सांगतो. कुणी मोबदला देऊन फोटो किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. बऱ्याच देशांत असं नाही. फोटोग्राफर मित्रांनी म्हणून बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्यावं, की निवडक फोटो माझ्या पेजवर दाखवीन. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर सही करण्याआधी तो कागद वाचावा. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे नोकरी देणाऱ्याकडे जातो. पण दिवाळी अंकाला कथा पाठवली आणि मानधन आलं, म्हणजे कथा विकली असं होत नाही. हक्क देऊन टाकायचे तर त्यासाठी लेखी, सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. ही दोन कलमं मी लेखकांना करारावर पेन्सिलने खूण करून दाखवते. अनेकांना आयुष्यात पहिल्यांदाच कळतं की आपली जुनी कथा पुन्हा आपल्या हातात आली आहे.

आता दुसरा प्रश्न, फेसबुकचा. दर वर्षा-दोन वर्षांनी एक मजकूर फिरतो: ‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम लागू, माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही, तुम्हीही हे कॉपी करून टाका.’ हे टाकून काहीही होत नाही. खातं उघडताना आपण ज्या अटी मान्य केल्या, त्या भिंतीवर निवेदन लिहून बदलत नाहीत. पण त्या अटी वाचल्या तर धास्तीही कमी होते. फेसबुक, इन्स्टाग्राम दोन्हींच्या अटींत मजकूर तुमच्याच मालकीचा राहतो असं लिहिलेलं आहे. तुम्ही त्यांना वापराचा परवाना देता. तो जगभरासाठी असतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि कंपनी तो पुढे इतरांनाही देऊ शकते. घराचा मालक तुम्हीच, भाडेकरूला मात्र फार मोकळीक दिलेली, असं काहीसं. तुम्ही मजकूर काढून टाकला आणि त्यांच्या यंत्रणेतूनही तो पुसला गेला, की परवाना संपतो.

हा परवाना कंपनीला मिळतो, शेजारच्या वाचकाला नाही. पोस्ट ‘पब्लिक’ आहे याचा अर्थ कुणीही वाचावी एवढाच. घराबाहेर काढलेली रांगोळी सगळ्यांनी बघावी म्हणूनच असते, म्हणून ती आपली म्हणून स्पर्धेत देता येत नाही. शेअरचं बटण दाबलं तर मूळ पोस्टच पुढे जाते, लेखकाच्या नावासह. लेखकाने ती पुसली तर शेअर केलेलीही नाहीशी होते. कॉपी-पेस्ट केलं की हा धागा तुटतो. गुन्हा करायच्या हेतूने कुणी करत नाही, आवडलं म्हणूनच करतात. पण पहिल्या कॉपीत नाव सुटतं, दुसऱ्यात कुणीतरी ‘लेखक अज्ञात’ लिहितो, तिसऱ्यात कुणाला वाटतं की इतकं चांगलं म्हणजे वपुंचंच असणार. गेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न लिहिलेले शब्द जातात, आणि जिवंत बाई आपल्याच लेखाखाली परकी ठरते. हा अन्याय दोघांवरही आहे.

आणि ‘साभार’? हा आपला फार लाडका शब्द. ‘व्हॉट्सॲपवरून साभार’, ‘गुगलवरून साभार’, ‘इंटरनेटवरून साभार’. आभार मानायचे तर माणसाचे मानावेत. गुगल फोटो शोधून देतं, तो काढत नाही. लेखकाचं नाव घालून साभार लिहिलंत तर निदान नावाचं देणं फिटलं, पण परवानगीचा प्रश्न उरतोच. नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्या जातात, तिथेच सगळा घोळ आहे.

कायद्यातही त्या वेगळ्या आहेत. प्रती काढणं, छापणं, वाचून प्रसारित करणं, अनुवाद करणं, रूपांतर करणं, हे सगळे स्वामित्वहक्कात येतात. ते विकता येतात, भाड्याने देता येतात. त्याशिवाय कलम ५७मध्ये लेखकाचे विशेष हक्क सांगितले आहेत. ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा हक्क, आणि लेखकाच्या मानाला बाध येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क. स्वामित्वहक्क पूर्ण विकल्यानंतरही हे लेखकाकडे राहतात.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण शब्दांचं नाही, कांस्याचं आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी भलंमोठं भित्तिशिल्प घडवलं होतं. काम सरकारने करून घेतलेलं, मालकी सरकारची. १९७९ साली ते भिंतीवरून उतरवलं गेलं आणि गोदामात पडून त्याचे तुकडे झाले. सहगल १९९२ साली कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला: मालकी सरकारची असली तरी कलाकृती अशी नासवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. उरलेले अवशेष शिल्पकाराला परत द्यावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी. त्याआधी, १९८६ साली, हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाबाबतही याच न्यायालयाने सांगितलं होतं, की चित्रपटाचे हक्क विकले म्हणून कथेचं वाट्टेल ते करायची मुभा मिळत नाही. मावशीचं टिपण या खटल्यांपुढे लहान आहे. पण ‘टाकी लावणं’चं ‘टाकी धुणं’ करणं आणि खाली दुसऱ्याचं नाव घालणं ज्या कलमाला लागून आहे, ते कलम हेच.

हक्क किती काळ टिकतो, याची मला वारंवार विचारणा होते. लेखकाच्या हयातीत, आणि ज्या वर्षी तो गेला त्या वर्षाच्या अखेरीपासून पुढे ६० वर्षं. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१च्या शेवटी त्यांचं साहित्य सर्वांना खुलं होणार होतं, तेव्हा कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून खुलं आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांची मुदत २०१६ अखेर संपली. बहिणाबाईंचं गणित जरा निराळं. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या कृतीची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या कवितांची मुदत २०१२ अखेरीपर्यंत होती. लिहिता न येणाऱ्या, शेतात आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाईच्या शब्दांनाही कायद्याने तितकंच जपलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले. त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी त्या अख्ख्याच्या अख्ख्या फोनवर फिरतात. प्रेमाने, कवीच्या नावासह, अचूक पाठवलेल्या कवितेवर कुणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही, आणि जाऊही नये. पण तीच कविता मगवर, कॅलेंडरवर छापून विकायची असेल, तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी हवीच. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी अभिवाचनाचे यूट्यूब चॅनेल सुरू झाले. त्यांतल्या अनेकांनी पु. ल., वपु यांच्या आख्ख्या कथा वाचल्या. आवाज तुमचा असला तरी कथा त्यांची आहे. पुलं २००० साली गेले, वपु २००१ साली. हिशेब तुम्हीच करा. अभिवाचनच करायचं तर खुलं झालेलं साहित्य मराठी विकिस्रोतावर भरपूर आहे.

गाण्याच्या बाबतीत एकावर एक थर असतात. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे. पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला दिलेली चाल त्यांची, आणि ते २०११ साली गेले, म्हणजे ती २०७१ अखेरपर्यंत संरक्षित. ध्वनिमुद्रण तिसरं, त्याची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. कीर्तनाच्या व्हिडिओमागे कॅसेटमधला अभंग लावला आणि यूट्यूबवर ‘कॉपीराइट क्लेम’ आला, तर तो तुकारामांच्या शब्दांवर नसतो, त्या मुद्रणावर असतो. त्याच अभंगाला स्वतःची चाल लावून, स्वतः पेटी-पखवाजावर म्हणा, कुणाची हरकत राहणार नाही. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘चार ओळींपर्यंत चालतं’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. परीक्षण, समीक्षा, बातमी, स्वतःचा अभ्यास यांसाठी गरजेपुरता उतारा घेता येतो. गरजेपुरता म्हणजे किती, ते प्रकरण पाहून ठरतं. कवितासंग्रहाच्या परीक्षणात दोन कडवी ठीक. अख्खा संग्रह पीडीएफ करून ग्रुपवर टाकणं म्हणजे चोरी, आणि त्या पीडीएफमुळे मराठी प्रकाशकाची हजार प्रतींची आवृत्ती गोदामात कशी पडून राहते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपलं लेखन उचललं गेलं तर काय करायचं? रागाने टिप्पणी टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, ज्यात लिंक, तारीख आणि वेळ दिसेल. समोरचा घाईने ती पोस्ट काढून टाकतो आणि मग हातात काही उरत नाही. आपल्या मूळ पोस्टची लिंकही जपून ठेवावी. मग सरळ निरोप पाठवावा: ‘हे माझं लेखन आहे, ही मूळ लिंक. नाव घालावं किंवा पोस्ट काढावी.’ माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात, कारण बहुतेकांना लेखक खरंच माहीत नसतो. ऐकलं नाही तर प्रत्येक मोठ्या मंचावर कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज असतो. आपल्या कायद्यातही सोय आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर ठेवणाऱ्या मंचाने ३६ तासांत तो आवरायचा असतो. पण २१ दिवसांत आपण कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू देता येतो. कोर्टात जायची वेळ आलीच, तर आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. साताऱ्याच्या लेखिकेला दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत. फौजदारी कलमही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पुस्तकांच्या बनावट प्रती छापून विकणाऱ्यासाठी ते वापरावं. ग्रुपवरच्या फॉरवर्डसाठी त्याचा धाक घालणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या मंडळाने स्मरणिकेत तुमचा लेख न विचारता छापला, तरी तुमचा हक्क शाबूत असतो. बर्न करारामुळे सदस्य देश एकमेकांच्या लेखकांना संरक्षण देतात, आणि भारत १९२८पासून त्यात आहे.

लिहिणाऱ्यांनी एक काम आधीच करून ठेवावं. आपल्याला काय चालेल ते पोस्टच्या शेवटी स्पष्ट लिहावं. ‘नावासह शेअर करायला हरकत नाही’ हा एका अर्थी परवानाच आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने हेच काम जरा पक्क्या शब्दांत करतात. मराठी विकिपीडियाचा मजकूरही अशाच परवान्याखाली असतो, म्हणून तिथून घेतलं तर श्रेय द्यावं लागतं. मात्र दिवाळी अंकाला द्यायची कथा आधी फेसबुकवर टाकू नये. ‘पूर्वप्रकाशित नसावे’ ही अट संपादक पोस्टलाही लावतात.

मावशी आता प्रत्येक लेखनाखाली लिहिते: ‘नावासह, एकही शब्द न बदलता पुढे पाठवायला परवानगी आहे. छापायचं किंवा वाचून दाखवायचं असेल तर विचारा.’ बॅचच्या ग्रुपवर तिने मूळ पोस्टची लिंक टाकली. मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सॉरी म्हटलं आणि ज्या चार ग्रुपांवर तिने ते पाठवलं होतं, तिथे लिंक पाठवली. ‘टाकी धुणारी’ प्रत अजूनही कुठे कुठे फिरते आहे, ती सगळी गोळा करणं कुणाच्याच हातात नाही. पण गेल्या महिन्यात एका शाळेतल्या बाईंचा तिला निरोप आला. सातवीच्या वर्गात हे टिपण वाचून दाखवू का, आणि त्यातली ती टाकी म्हणजे नेमकी कशी असते, मुलं विचारतील. मावशीने परवानगी लिहून दिली. मग माळ्यावरून पाटा काढला, ओल्या फडक्याने पुसला, आणि त्यावरच्या टोच्यांचा जवळून फोटो काढून पाठवला.